दगड कुठे थांबतो: चोर्ला, अनमोड आणि गोकाकच्या वाटेवरचे चार दिवस

पहिला दिवस: बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला

दसरा होऊन आठवडा झाला होता आणि पाऊस परतल्यासारखा वाटत होता, म्हणून सकाळी साडेसहाला आम्ही टिळकवाडीतून निघालो. बरोबर भाची होती. ती स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि डोंगरकड्यावरून सुटलेला दगड रस्त्यावर कुठे व किती जोराने येतो, याचे संगणकावर गणित मांडणे हा तिच्या प्रबंधाचा विषय आहे. मी रस्त्यांच्या कामात तीस वर्षे काढून निवृत्त झालो असल्यामुळे गाडी चालवणे, टेप धरणे आणि जुन्या गोष्टी सांगणे ही तीन कामे माझ्याकडे आली होती. त्यांपैकी तिसऱ्याची तिला फारशी गरज नव्हती.

पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून जांबोटीकडे वळले की बेळगावची काळी शेते मागे पडतात आणि जांभ्याची तांबडी माती दिसू लागते. कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाजवळ, माउलीच्या देवळात हात जोडून आम्ही चहाला थांबलो. यंदा रस्त्यावर दगड आले का, असे मी टपरीवरच्या काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, "येत्यात की ओ. दर वर्साचंच हाय ते. पहाटे भाजीचे टेम्पो जात्यात बघा गोव्याला, तेच उतरून ढकलत्यात कडेला आन् जात्यात पुढं." बेळगावची भाजी आणि दूध गोव्यात पोहोचते ते बरेचसे याच वाटेने, आणि तेही अंधारात, हे आम्हां बेळगावकरांना ठाऊक असते, पण टेम्पोवाला दगड कडेला ढकलतो म्हणजे नेमका कुठे ढकलतो, हा प्रश्न मला तोपर्यंत पडला नव्हता. त्याचे उत्तर तासाभरात मिळाले.

चोर्ला गाव मागे पडून गोव्याची हद्द लागली आणि उतार सुरू झाला. एका लांबलचक वळणावर, गाडी सुरक्षित उभी करता येईल अशी जागा पाहून, आम्ही उतरलो. डाव्या हाताला सुमारे चाळीस फुटांचा कापीव कडा होता. घाटमाथ्यावरचा हा बेसाल्ट म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर असतात. लाव्हा थंड होताना आकसतो, त्यामुळे या थरांना उभ्या भेगा पडतात. भेगांतून पाणी शिरते आणि ते खडकाला कडेकडेने कुजवत जाते. चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात, कारण कोपऱ्यावर पाणी तिन्ही बाजूंनी चढाई करते. हजारो वर्षांनी ठोकळ्याचा गोटा होतो आणि त्याच्याभोवती तांबूस मुरमाची साले राहतात. भाचीने हातोडीने एका गोट्यावर हलकेच ठोकले, तेव्हा बोटभर जाडीचे एक साल कांद्यासारखे सुटून आले, त्याखाली दुसरे, त्याखाली तिसरे, आणि चौथ्या सालाखाली निळसर काळा, खणखणीत वाजणारा गाभा लागला. पावसाळ्यात मुरूम वाहून जातो आणि गाभा तेवढा उघडा पडतो. असा गोटा भेगेत अडकून नव्हे, तर निव्वळ सवयीने तिथे बसलेला असतो.

युरोपातल्या पुस्तकांत दगड सुटण्याचे पहिले कारण म्हणून भेगांत गोठणारे पाणी सांगितलेले असते. आपल्याकडे बर्फ नाही. आपल्याकडे भेगेत साठलेल्या पाण्याचा दाब आहे, धुपणारी माती आहे, आणि पिंपळ आहे. कड्याच्या वरच्या तिसऱ्या भागात पिंपळाचे एक रोप हातभर वाढलेले दिसले. त्याचे मूळ पाचरीसारखे भेगेत गेले होते. आज ते काढायला एक माणूस, एक दोर आणि एक कोयता पुरेल. दहा वर्षांनी त्याच जागी काय लागेल, ते सांगायला अभियंता असण्याची गरज नाही.

मग मोजमाप सुरू झाले. रस्त्याच्या डांबरात वाटीसारखे खळगे पडले होते. आतली खडी फुटून पांढरी झालेली, आणि एका बाजूची कड उचलली गेलेली. हे दगडाचे पाऊल. प्रत्येक खळग्याचे कड्याच्या पायापासूनचे अंतर मी टेपने मोजून सांगत होतो आणि भाची वहीत उतरवून घेत होती. सर्वांत लांबचा खळगा अकरा फुटांवर, म्हणजे वाहनांच्या चाकांच्या वाटेत होता. कड्याच्या पायथ्याशी एक जांभूळ होते, त्याच्या खोडाची साल खांद्याइतक्या उंचीवर तळहातभर सोलली गेली होती. तिने तीही उंची लिहिली आणि म्हणाली, "मामा, हे झाड म्हणजे आपला साक्षीदार. दगड इथून जाताना जमिनीपासून किती उंच होता, ते यानं लिहून ठेवलंय."

पायथ्याशी पडलेला एक ठोकळा आम्ही मोजला. तिन्ही बाजू साधारण साठ सेंटिमीटर, म्हणजे वजन सुमारे सहाशे किलो. बारा मीटरवरून तो सरळ खाली आला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी पंचावन्न किलोमीटर होतो आणि त्याच्यात सत्तर किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. एक हजार किलोची मोटार ताशी त्रेचाळीस किलोमीटरने भिंतीवर आदळावी, तेवढा हा धक्का. फरक इतकाच की मोटारीचा धक्का तिच्या सगळ्या तोंडावर पसरतो, आणि दगडाचा हातभर कोपऱ्यावर एकवटतो.

दगड कसा खाली येतो, हे उतारावर ठरते. आर्थर रिची या भूवैज्ञानिकाने अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात शेकडो दगड उतारांवरून लोटून त्यांचे चित्रीकरण केले आणि १९६३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उतार सुमारे ७६ अंशांहून उभा असेल तर दगड बहुतेक हवेतून पडतो, ४५ ते ७६ अंशांच्या दरम्यान उड्या मारत येतो, आणि त्याहून निवांत उतारावर गडगडत येतो. सामान्य माणसाला उभा कडा सर्वांत भीतिदायक वाटतो. प्रत्यक्षात उभ्या कड्याचा दगड पायाशीच पडतो. मधल्या उताराचा, त्यातही मध्येच एखादी अरुंद पायरी असलेला कडा अधिक वाईट, कारण पायरीवर आपटून दगड बाहेरच्या बाजूला फेकला जातो. जुन्या कटिंगमध्ये दगड अडावेत म्हणून ठेवलेल्या पायऱ्या पुढे मातीने भरून तिरक्या झाल्या की त्याच दगडाला उडी मारायला फळी देतात.

याच रिचीने कड्याच्या पायथ्याशी किती रुंद आणि किती खोल चर ठेवावा, याचा तक्ताही दिला. तीस ते साठ फूट उंचीच्या जवळजवळ उभ्या कड्याला त्याच्या हिशेबाने सुमारे पंधरा फूट रुंद आणि चार फूट खोल चर हवा. आमच्यासमोरचे गटार अडीच फूट रुंद होते. त्याची खोली मोजता आली नाही, कारण ते रस्त्याच्या पातळीपर्यंत दगडांनी भरलेले होते. टेम्पोवाल्यांनी कडेला ढकललेले दगड इथे येऊन राहिले होते. बिचाऱ्यांचा दोष नाही; पहाटे चार वाजता, पावसात, गाडीचे दिवे लावून दोन माणसांनी आणखी काय करावे? पण भरलेले गटार म्हणजे नसलेले गटार, आणि पुढचा दगड त्या ढिगावर आपटून सरळ डांबरावर येणार.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. नोकरीत असताना, दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या घाटात, दोन बसगाड्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत अशा वळणावर मी कड्याकडचे गटार दगडमातीने बुजवून रस्ता पाच फुटांनी रुंद करून घेतला. कार्यालयाने पाठ थोपटली, बसचालकांनी नारळ फोडला. दुसऱ्या पावसाळ्यात एक दगड आला. पूर्वी जो गटारात पडला असता, तो दुधाच्या टेम्पोच्या केबिनवर पडला आणि चालकाचा पाय मोडला. पंचनाम्यात 'नैसर्गिक आपत्ती' असे लिहिले गेले आणि त्याखाली सही माझी होती. रस्ता मी रुंद केला नव्हता. तो फक्त पाच फूट कड्याखाली सरकवला होता.

निघण्यापूर्वी भाचीने पंधरा मिनिटे वाहने मोजली. बावन्न वाहने गेली, बरीचशी केए २२, म्हणजे बेळगावच्या क्रमांकाची. वळण दोनशे मीटर लांब, वेग ताशी तीसच्या आसपास. तासाला २०८ वाहने, गुणिले ०.२ किलोमीटर, भागिले ३०, असा हिशेब केला की १.३९ उत्तर येते. म्हणजे दिवसाच्या त्या वेळी कड्याखाली सरासरी एकाहून जास्त वाहन सतत असतेच. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात कड्यांना गुण देण्याची जी पद्धत तयार झाली, तीत प्रत्येक बाबीला ३, ९, २७ किंवा ८१ गुण असतात, आणि हा आकडा एकाला, म्हणजे शंभर टक्क्यांना, पोहोचला की थेट ८१ गुण पडतात. त्याच वळणावर पुढचे दिसायचे अंतर आम्हाला अठ्ठावीस मीटर मिळाले. ताशी तीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला थांबायला आपल्या रस्त्यांच्या मानकांप्रमाणे तीस मीटर लागतात. रस्त्यात पडलेला दगड दिसला, तरी दोन मीटर उशिरा दिसणार.

दुसरा दिवस: खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड

या वाटेवर दगडाची जातच बदलते. अनमोड घाटात बेसाल्टचे आडवे थर नाहीत. धारवाड काळातले, दाबाने पानापानांचे झालेले जुने खडक आहेत. वहीच्या गठ्ठ्यासारखा हा खडक ज्या बाजूला कलला असेल, त्यावर सगळे अवलंबून असते. पाने रस्त्याकडे कललेली असतील तर त्यांवरून अख्खा पापुद्रा घसरून येतो. डोंगराच्या पोटाकडे कललेली असतील तर कडा पुष्कळ काळ उभा राहतो. घाटातला रस्ता नागमोडी असल्यामुळे एकाच खडकाची एक बाजू धोक्याची आणि वळसा घालून गेल्यावरची दुसरी बाजू बरी, असे होते. भाची प्रत्येक थांब्यावर होकायंत्र आणि कोनमापक लावत होती. एकाच घाटाला सरसकट एकच उपाय लावणाऱ्या निविदा मी किती पाहिल्या आहेत, याचा हिशेब मी मनातच ठेवला.

रामनगरपासून आपण उत्तर कन्नड जिल्ह्यात असतो, आणि त्या जिल्ह्याचे नाव निघाले की १६ जुलै २०२४ ची शिरूरची दुर्घटना आठवतेच. अंकोला तालुक्यात राष्ट्रीय महामार्ग ६६ वर डोंगराचा कापलेला उतार खाली आला, रस्त्याकडेच्या खाणावळीसह माणसे गाडली गेली, आणि गंगावळी नदीत गेलेला एक ट्रक सप्टेंबरमध्ये बाहेर काढता आला. मराठीत आपण या दोन्हींना 'दरड कोसळली' असेच म्हणतो: चोर्ल्याच्या टेम्पोवाल्याने ढकललेला एकटा धोंडाही दरड, आणि शिरूरचा अर्धा डोंगरही दरड. बोलायला ते चालते, उपायाला चालत नाही. सुट्या दगडासाठीची जाळी मातीच्या लोंढ्यापुढे कापडासारखी फाटते. तिथे आधी पाणी बाहेर काढावे लागते, उताराचा कोन कमी करावा लागतो, आणि कधी कधी पायथ्याशी कुणाला बसूच द्यायचे नसते.

दुपारी घाटाच्या माथ्यावर डबे उघडले. याच डोंगरातून कॅसलरॉक ते कुळे ही रेल्वे एकास सदतीस अशा तीव्र चढणीने जाते. २३ जुलै २०२१ रोजी दूधसागर ते सोनावळीच्या टप्प्यात दरड येऊन मंगळूरुहून मुंबईला जाणारी गाडी रुळांवरून घसरली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. रेल्वेला निदान पावसाळी गस्त असते: कंदील घेतलेला माणूस रुळांवरून चालत जातो, आणि शंका आली तर गाडी थांबवण्याचा अधिकार त्याला असतो. रस्त्याला असा माणूस नाही. पूर्वी मैलकुली होते, त्यांच्या हातात पहार असायची, आणि आपल्या टप्प्यातला कुठला धोंडा हलतो, हे त्यांना माहीत असायचे.

तिसरा दिवस: घरी

आभाळ भरून आले आणि दुपारपर्यंत चांगलाच पाऊस झाला, त्यामुळे आम्ही घरीच बसलो. जेवणाच्या टेबलावर भाचीने चोर्ल्याच्या कड्याची आडवी छेदरेषा संगणकात भरली: कड्याचे प्रत्येक टोक, पायरी, जांभळाची जागा, गटार, डांबर.

या गणिताचे मूळ सोपे आहे. दगड एक बिंदू मानायचा. तो हवेत असताना गुरुत्वाकर्षणाचा साधा नियम चालतो. जमिनीवर आपटला की त्याच्या वेगाचे दोन भाग करायचे, एक जमिनीला काटकोनात आणि एक जमिनीच्या कडेने, आणि दोन्हींना एकेका गुणकाने कमी करायचे. उघड्या कठीण कातळाला हे गुणक साधारण ०.३५ आणि ०.८५ धरतात, डांबराला ०.४० आणि ०.९०, झाडोरा असलेल्या मऊ मातीला ०.३० आणि ०.८०. डांबरावर दगड जास्त उसळतो आणि जास्त पुढे जातो, हे यात आलेच. पण एकच दगड टाकून काही कळत नाही, कारण खडकाच्या खडबडीतपणामुळे प्रत्येक उडी निराळी असते; म्हणून संगणक हजार दगड टाकतो, दर वेळी गुणकांत थोडा फेर करतो, आणि किती दगड कुठे थांबले, रस्त्याच्या कडेला ते किती उंचीवर व किती ऊर्जेने पोहोचले, याचा आलेख देतो. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात १९८९ च्या सुमारास झालेली अशी आज्ञावली आजच्या पुष्कळ साधनांची पूर्वज आहे.

पहिल्या फेरीत पडद्यावरचे दगड रस्ता ओलांडून दरीत जात होते. मी घाबरलो, भाची हसली. तिने माझ्या टेपची वही उघडली. खळगे अकरा फुटांच्या आत होते, सालीची खूण खांद्याइतकी होती. म्हणजे पुस्तकातले गुणक त्या कड्याला जास्त उदार होते. मुरमाने झाकलेल्या टप्प्यांसाठी तिने ते कमी केले, पुन्हा दगड टाकले, पुन्हा कमी केले. चौथ्या-पाचव्या फेरीत पडद्यावरचे दगड माझ्या वहीतल्या खळग्यांवर पडू लागले, आणि तेव्हाच तिने आलेख जतन केला. गुणक जरासा बदलला की दगड रस्त्याच्या अलीकडचा पलीकडे जातो. ज्याने प्रत्यक्ष खळगा मोजलेला नाही, त्याच्या रंगीत आलेखावर मी यापुढे सही करणार नाही. तशीही आता माझी सही कुणी मागत नाही.

मग तिने गटार रिकामे केले, म्हणजे पडद्यावर. रुंदी अडीच फूटच ठेवली, फक्त आतले दगड काढले. डांबरावर येणारे दगड लक्षात येण्याइतके कमी झाले. मग रुंदी बारा फूट केली आणि तळाला सैल मातीचा गुणक दिला. दगड तिथेच बसू लागले. त्यानंतर तिने कड्यावर जाळी टांगली, मग रस्त्याकडेला खांबांची लवचिक जाळी उभी केली. यांतली दुसरी जाळी युरोपात काटेकोर कसोटीला लावतात: २००८ पासूनच्या नियमांनुसार धोंडा सेकंदाला किमान २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगाने तिच्यावर आदळवतात, एकदा पूर्ण क्षमतेने, आणि वेगळ्या चाचणीत एक तृतीयांश ऊर्जेने लागोपाठ दोनदा. उत्तम वस्तू आहे. परंतु पहिल्याच पावसाळ्यात तिच्यात दगड साठले आणि कुणी काढले नाहीत, तर तीही भरलेल्या गटारासारखीच. शिवाय जाळीला धरून ठेवणारा नांगर कुजलेल्या मुरमात ठोकला की कागदावर कितीही टन लिहिले, तरी तो ओढून पाहिल्याशिवाय त्याचा भरवसा नाही. कोकण रेल्वेच्या कटिंगांवर आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मी जाळ्या पाहिल्या आहेत; तिथे त्या हव्यातच. आमच्या वळणावर, मला वाटते, आधी एक जेसीबी आणि चार दिवस हवेत.

चौथा दिवस: गोकाक

चौथ्या दिवशी घाट सोडून उलट दिशेला, पूर्वेकडे गेलो. गोकाकला पश्चिम घाटाचा पाऊस नाही, तिथला दगडही निराळा: कलादगी गटातला वालुकाश्म, आडव्या फळ्या रचल्यासारखा. घटप्रभेचा धबधबा याच दगडावरून सुमारे बावन्न मीटर खाली पडतो. पाणी अजून भरपूर होते, झुलत्या पुलाजवळ गर्दीही होती; आम्ही दहा मिनिटांत तिथून निघालो आणि गावाच्या डोक्यावरचा मल्लिकार्जुनाचा डोंगर पाहायला गेलो. २०१९ च्या ऑक्टोबरात, अतिवृष्टीनंतर, या डोंगरावरचे प्रचंड धोंडे घरांवर येतील अशी भीती निर्माण झाली होती आणि ते फोडून काढायचा प्रश्न उभा राहिला होता. तुटपुंज्या पावसाच्या गावालाही एखादे वर्ष पुरते, ते असे.

इथे संगणक काढायची गरज पडली नाही. कड्याखाली पडलेल्या दगडांचा जो तिरका ढीग साचतो, त्याच्या वरच्या टोकापासून क्षितिजाखाली सुमारे साडेसत्तावीस अंशांची रेषा टाकली, तर एकटे दगड सहसा तिच्या पलीकडे जात नाहीत, असे कॅनडातल्या इव्हान्स आणि हंगर यांनी १९९३ साली दाखवले. ढिगाचे टोक तीस मीटर उंचीवर असेल, तर ही रेषा सपाटीला सुमारे अठ्ठावन्न मीटरवर टेकते. भाचीने फोनवरच्या कोनमापकाने नेम धरला आणि काही न बोलता फोन माझ्या हातात दिला. रेषेच्या अलीकडे कपडे वाळत घातलेली एक गच्ची होती, आणि तिथे एक आजीबाई मिरच्या उलथत होत्या.

परतताना करदंट घेतले आणि गाडीतच अर्जाचा मजकूर ठरवला. वळण गोव्याच्या हद्दीतले असल्याने अर्ज मराठीत चालण्यासारखा होता. मागणी एकच ठेवली: मे महिना संपण्यापूर्वी गटारातले दगड उचलून न्यावेत, नुसते बाजूला ढकलू नयेत, आणि आत बसेल तेवढी रुंदी वाढवावी. सोबत खळग्यांचा तक्ता, जांभळाचा फोटो आणि भाचीचे दोन आलेख जोडायचे ठरले. जागा नेमकी कळावी म्हणून किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहायला तिने पेन उघडले, तेव्हा लक्षात आले की तो आकडा आम्हां दोघांपैकी कुणीही टिपून घेतला नव्हता. रविवारी पुन्हा चोर्ल्याला जायचे आहे.